आईच्या रक्तातून आलेली शिदोरी

१८९२ साली बर्लिनमध्ये पॉल एर्लिक यांनी उंदरांच्या पिल्लांची अदलाबदल केली. काही माद्यांना त्यांनी गुंजेच्या आणि एरंडाच्या बियांतलं विष थोडं थोडं देऊन आधीच सरावाचं केलं होतं. त्यांच्या पिल्लांना ते विष बाधत नसे. बाप सरावलेला आणि आई साधी असली, तर मात्र पिल्लं वाचत नसत. मग एर्लिक यांनी साध्या मादीची पिल्लं सरावलेल्या मादीच्या अंगावर पाजली आणि तीही विषाला पुरून उरली! हे संरक्षण बीजातून नव्हे, तर आईच्या रक्तातून आणि दुधातून येत होतं. काही काळाने ते ओसरतही होतं.

माणसाच्या बाळाला ही शिदोरी जन्माआधीच मिळते. वारेच्या पेशी आईच्या रक्तातला द्रव इवल्या पिशव्यांत भरून घेतात. पिशवीत आम्लता वाढली की तिथला एक ग्राही ‘आयजीजी’ जातीच्या प्रतिपिंडांना, म्हणजे हे संरक्षण देणाऱ्या प्रथिनांना, घट्ट धरतो. पलीकडे, बाळाच्या बाजूला आम्लता नसते. तिथे पोहोचताच पकड सुटते. शेवटच्या काही आठवड्यांत ही वाहतूक इतकी वाढते, की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात हे प्रतिपिंड बहुधा आईपेक्षाही जास्त असतात.

गाई-म्हशींच्या वारेतून मात्र ते जात नाहीत. वासराची सगळी भिस्त चिकावर असते. त्याचं आतडं चिकातले प्रतिपिंड जसेच्या तसे शोषून घेतं, तेही साधारण पहिल्या दिवसापुरतंच. म्हणून खरवस कितीही आवडो, पहिला चीक वासराच्या पोटात जायला हवा.

मानवी दुधात ‘आयजीए’ जातीचे प्रतिपिंड भरपूर असतात. आईच्या आतड्यात जंतूंची ओळख पटलेल्या पेशी स्तनांपर्यंत प्रवास करतात आणि तिथे ते बनवतात. त्यामुळे आई ज्या घरात, ज्या हवापाण्यात राहते, तिथल्याच जंतूंविरुद्धचं संरक्षण बाळाच्या आतड्याला मिळतं. दुधातले प्रतिपिंड न मिळालेल्या उंदरांच्या पिल्लांत आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंविरुद्धही प्रतिकारशक्ती खवळलेली दिसते. कुणाशी लढायचं नाही, हेही बाळाचं शरीर आईमुळे शिकतं.

रक्तातून आलेला साठा दर तीन आठवड्यांनी साधारण निम्मा होतो. पण तो असेपर्यंत गोवराच्या लसीतल्या दुबळ्या विषाणूला निकामी करतो आणि बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होऊ देत नाही. म्हणूनच आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान देतात. उलट, गरोदरपणात आईला दिलेली धनुर्वाताची लस याच वाटेने नवजात बाळाला वाचवते. भारतात माता आणि नवजात बालकांमधला धनुर्वात आटोक्यात आल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, त्यात या लसीचा मोठा वाटा आहे.

गरोदरपणातली लस चुकवू नका आणि नऊ महिने पूर्ण झाले की बाळाच्या लसीची तारीख उलटू देऊ नका. तोवर आईने दिलेलं बरंचसं संपलेलं असतं.