फटीतून निसटणारी हवा

इंजिन नसलेली आगगाडी घरी बनवायला फारसे साहित्य लागत नाही. पाच सेंटिमीटर व्यासाचा तीन मीटर पीव्हीसी पाईप, घरातला व्हॅक्यूम क्लीनर, सायकलची जुनी ट्यूब, एक सरळ लाकडी फळी आणि चार चाकांचा हलका डबा एवढ्यावर काम भागते. दिवाळीच्या सुटीत आजोबा आणि नातवंडांनी मिळून हाती घ्यावा असा हा उद्योग आहे. मात्र तो पहिल्याच दिवशी साधेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. पोकळी कोणत्याही वस्तूला ओढत नाही. आपल्या सभोवतीची हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा दाब सतत देत असते. तो चहूबाजूंनी सारखा असल्याने जाणवत नाही, इतकेच. पाईपमध्ये बसणाऱ्या दट्ट्यापुढची हवा काढून घेतली की मागची हवा त्याला पुढे रेटते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तोंड बंद असताना हा दाब साधारण एक पंचमांशाने कमी करू शकतो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या पाईपचे छेदक्षेत्र सुमारे वीस चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे हिशेबाने चार किलोच्या आसपास जोर मिळतो. पाव किलोच्या डब्याला तो पुरून उरावा. (आपल्याकडच्या गाड्यांना अनेक दशके व्हॅक्यूम ब्रेक होते. तिथेही हेच तत्त्व होते. साखळी ओढली की नळीत हवा शिरे आणि ब्रेक लागत.)

दट्ट्यासाठी दाट फोमच्या दोन गोल चकत्या एका सळईवर बसवतात. त्या पाईपमध्ये अलगद सरकतील इतक्याच घट्ट हव्यात. पाईपच्या एका टोकाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडून यंत्र सुरू केले की दट्ट्या सणकन त्या टोकाला पोहोचतो. तिथे जाळी आणि फोमचा अडथळा न ठेवल्यास तो थेट नळीत जाऊन अडकतो. यंत्र सलग फार वेळ चालवू नये. या यंत्राची मोटर ओढलेल्या हवेनेच थंड राहते, हवा अडली की ती तापते.

इथवरचा भाग सोपा आहे. पण दट्ट्या पाईपच्या आत आणि डबा बाहेर रुळांवर असतो. दोघांना जोडणारा दांडा बाहेर यायचा तर पाईपला वरून टोकापासून टोकापर्यंत फट हवी, आणि फट ठेवली की हवा आत शिरणार. यावरचा तोडगा १८३८ साली इंग्लंडमध्ये सॅम्युअल क्लेग आणि सॅमुडा बंधूंनी शोधला. फटीवर लवचीक झडप असावी, ती एका कडेला चिकटवलेली आणि दुसरीकडे मोकळी असावी. दांडा दट्ट्याच्या मागे जोडावा. दट्ट्यामागे बाहेरचीच हवा असल्याने तिथे झडप उचलली गेली तरी बिघडत नाही. पुढच्या भागात मात्र आतल्या कमी दाबामुळे झडप फटीवर आपोआप दाबून बसते. कल्पना खरोखर देखणी आहे.

घरच्या प्रतिकृतीत सहा मिलिमीटरची फट मोठ्या माणसाने, फळीचा आधार घेऊन कापावी. कापताच पाईप आवळू लागतो, म्हणून तो क्लॅम्पने फळीवर पक्का बसवावा लागतो. झडप म्हणून ट्यूबची पट्टी एका कडेने चिकटवावी आणि मोकळ्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवावा. मग प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा काटा डब्याला अडकवून जोर मोजावा. पाईपचा एक मीटर वापरताना, मग दोन, मग तीन मीटर वापरताना असे तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत. चार किलोचा हिशेब इथे कोसळतो. लांबी वाढेल तसा काट्यावरचा आकडा उतरत जातो, कारण गाडी जिथे अजून पोहोचलेलीही नाही त्या सगळ्या फटीतून हवा आत झिरपत असते. व्हॅक्यूम क्लीनरची बरीचशी शक्ती ती हवा उपसण्यातच खर्ची पडते.

जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत दिसणारी ही गोष्ट इंग्लंडमधल्या एका कंपनीला चार लाख पौंडांहून अधिक खर्चल्यावर पटली.

इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल हा त्या काळातला अत्यंत नावाजलेला अभियंता. एक्झेटरपासून समुद्रकाठाने प्लिमथकडे जाणाऱ्या साउथ डेव्हन रेल्वेचे काम त्याच्याकडे होते. प्रदेश डोंगराळ, आणि तेव्हाची वाफेची इंजिने चढावर धापा टाकीत. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या डाल्की येथे पावणेदोन मैलांचा हवेच्या दाबावरचा मार्ग १८४३ पासून धावू लागला होता. तो पाहून ब्रुनेलने १८४४ मध्ये कंपनीला हीच पद्धत सुचवली. रॉबर्ट स्टीफन्सननेही डाल्कीचा मार्ग तपासला आणि त्याच वर्षी नेमका उलट अभिप्राय दिला. (पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्या कामाचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली हा याच स्टीफन्सनचा शिष्य.) दोघेही थोर, दोघांनीही एकच मार्ग पाहिलेला. संचालक मंडळाने ब्रुनेलवर विश्वास ठेवला.

रुळांच्या मधोमध पंधरा इंच व्यासाचा लोखंडी पाईप टाकला गेला. अर्धी हवा काढली तरी एवढ्या पाईपमध्ये सुमारे ५९० किलोचा जोर मिळतो. दर तीन मैलांवर पंपांची इंजिनघरे उभी राहिली. सप्टेंबर १८४७ मध्ये टिनमथपर्यंत प्रवासी गाड्या सुरू झाल्या आणि जानेवारी १८४८ मध्ये त्या न्यूटनपर्यंत पोहोचल्या. धूर नाही, ठिणग्या नाहीत, खडखडाट कमी आणि वेग ताशी साठ मैलांच्या वर. प्रवासी खूश होते.

हिशेबाच्या वह्या मात्र वेगळे सांगत होत्या. फटीवरची झडप कातड्याची होती आणि तिची कड मेण व चरबीच्या लेपाने बंद केलेली असे. थंडीत कातडे ताठरले. कातड्यातले टॅनिन आणि लोखंडाचा गंज यांच्या संयोगाने ते कुजू लागले. हवा शिरू लागली की पंपांना जादा काम, जादा काम म्हणजे जादा कोळसा. इंजिनघरांमध्ये सुरुवातीला तारयंत्रही नव्हते. गाडी उशिरा आली तरी पंप वेळापत्रकाप्रमाणे चालत राहत आणि कोळसा जळत राही. मैलामागचा खर्च तीन शिलिंग एक पेन्स झाला. वाफेच्या इंजिनाला तोच एक शिलिंग चार पेन्स पडे. उंदरांनी चरबी खाऊन झडपा निकामी केल्या, ही कथा आजही चवीने सांगितली जाते. इतिहासकार तिच्याकडे संशयानेच पाहतात, आणि या आकड्यांपुढे उंदरांची गरजही भासत नाही.

संपूर्ण झडप नव्याने बसवायची की मार्ग सोडायचा, हा प्रश्न १८४८ च्या ऑगस्टमध्ये संचालकांपुढे आला. ज्याच्या शब्दावर भागधारकांचा पैसा गुंतला होता त्या ब्रुनेलने स्वतःच्या योजनेची बाजू लढवली नाही. त्याने दिलेल्या अहवालानंतर सप्टेंबरमध्ये हवेवरच्या गाड्या बंद झाल्या आणि वाफेची इंजिने आली. गुंतलेली रक्कम बुडाली, पण वाढत गेली नाही. कर्ज थकू लागल्यावर आधीचे वाचावे म्हणून आणखी कर्ज देण्याचा मोह ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या निर्णयाची किंमत कळेल.

दोष सगळा पद्धतीचा होता, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. डाल्कीचा मार्ग १८५४ पर्यंत चालला आणि पॅरिसजवळ साँ-जर्मेनच्या चढावर हीच पद्धत १८४७ ते १८६० अशी टिकली. हे दोन्ही मार्ग आखूड होते. झडपेची देखभाल थोड्या लांबीत आवाक्यात राहिली असावी.

घरच्या प्रतिकृतीत कातडे आणि चरबी यांचे कारणच पडत नाही. ज्यांना फटीचा त्रासच नको त्यांनी अखंड पाईप घ्यावा, दट्ट्यावर शक्तिशाली चुंबक बसवावा आणि डब्याखाली दुसरा. पाईपच्या भिंतीतून चुंबक एकमेकांना धरून ठेवतात आणि डबा दट्ट्यासोबत धावतो. ब्रुनेलच्या काळी असे चुंबक उपलब्ध नव्हते. ही पकडही मर्यादित आहे. डब्यात वजन वाढवत नेल्यास एका क्षणी दट्ट्या एकटाच पुढे निघून जातो. तो किती वजनाला सुटतो, हेही वहीत लिहावे.

साउथ डेव्हनच्या मार्गावर स्टारक्रॉस येथे त्या काळचे एक इंजिनघर आजही उभे आहे आणि मूळ पाईपचा एक भाग डिडकॉट येथील रेल्वे संग्रहालयात पाहता येतो. न्यूटनच्या पुढचे चढ ब्रुनेलने हवेवरच्या गाड्या गृहीत धरून तीव्र ठेवले होते. पाईप निघाला, चढ तसेच राहिले, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तिथल्या जड गाड्यांना वाफेचे दुसरे इंजिन जोडावे लागे.