सभागृह उघडलें, आतां तोंडें उघडोत

मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्यें संपली, आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षें तें सभागृह मुकें होतें. पुण्याची व राज्यांतील इतर अनेक शहरांची अवस्था तीच. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयीं सर्वोच्च न्यायालयानें 2021 सालीं घातलेल्या अटी, प्रभागरचनेंतील फेरफार आणि तारखांमागून तारखा, यांत नागरिकांचें प्रतिनिधित्व अडकून पडलें. पांच वर्षांची मुदत संपण्यापूर्वींच निवडणूक उरकली पाहिजे असें घटनेच्या 74 व्या दुरुस्तीनें स्पष्ट सांगितलें असतां हें घडलें! अखेर न्यायालयानेंच मे 2025 मध्यें मुदत घालून दिली, तीहि वाढवावी लागली, आणि 15 जानेवारी 2026 रोजीं 29 महापालिकांसाठीं मतदान झालें.

या अवधींत शहरें बंद पडलीं नाहींत हें खरें. नळाला पाणी येत होतें, कचरा उचलला जात होता. यावरून कांहीं सुशिक्षित गृहस्थ आम्हांस विचारतात कीं, नगरसेवकांवांचून कांहीं अडलें नाहीं, तर मग हा खटाटोप कशासाठीं? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. नगरसेवकांच्या सभा आम्हीं पाहिल्या आहेत. तेथें कधीं कधीं मासळीबाजारहि लाजेल असा गलका होतो, आणि कित्येक सभासदांचें तोंड कंत्राटाच्या विषयाखेरीज उघडतच नाहीं, हें आम्ही मुळींच नाकारीत नाहीं.

पण अडलें काय, तें हिशेबाच्या वहींत पाहावें. 1888 चा मुंबईचा कायदा, ज्याच्या घडणींत फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं भाग घेतला होता, असें सांगतो कीं आयुक्तांनीं जमाखर्चाचा अंदाज तयार करावा, स्थायी समितीनें तो तपासावा व सभागृहानें मंजूर करावा. मागणारा एक, देणारा दुसरा. प्रशासकाच्या राजवटींत आयुक्त तेच प्रशासक झाले. म्हणजे मागणारा आणि देणारा एकच! मुंबईचें अंदाजपत्रक 2022-23 मध्यें 45 हजार 949 कोटींचें होतें, तें 2025-26 मध्यें 74 हजार 427 कोटींवर गेलें. ही वाढ योग्य असेल वा नसेलहि. आमचा मुद्दा तो नव्हे. एवढ्या वाढीविषयीं "कां?" असें विचारण्याचा ज्याला हक्क होता, असा एकहि निवडून आलेला मनुष्य त्या दालनांत नव्हता. आमच्या व्यापारी वाचकांस विचारतों: ज्या पेढीवर मुनीमच खर्च सुचवितो, मुनीमच मंजूर करतो आणि भागीदारांस वर्षाअखेर छापील ताळेबंद धाडतो, त्या पेढीशीं तुम्ही उधारीचा व्यवहार कराल काय? मुनीम प्रामाणिक असला तरी नाहींच कराल.

वकिलीच्या धंद्यांत आम्हीं एक गोष्ट शिकलों. न्यायाधीश कितीहि विद्वान असो, प्रतिपक्षाचें म्हणणें उघड्या न्यायालयांत ऐकून तें कां फेटाळलें याचीं कारणें त्याला लिहावीं लागतात. आणि कारणें लिहावयाचीं आहेत या जाणिवेनेंच निकाल पुष्कळदां सुधारतो. सभागृहांतील चर्चेचें काम हेंच. आमच्याच पेठेंत ऐन सणासुदींत रस्ता उकरला गेला, तेव्हां दुकानदारांनीं एका कार्यालयास अर्ज केला. तीन महिन्यांनीं उत्तर आलें कीं अर्जाची नोंद घेतली आहे. रस्ता उकरण्यास कारण असेलहि. पण तें कोणास सांगण्याची गरजच उरली नव्हती.

चर्चेनें निर्णय बदलतोच असें नाहीं. 1880 सालीं व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणें भेटीनिमित्त नगरपालिकेनें 1 हजार रुपये खर्चण्याचें ठरविलें, तेव्हां जोतीराव फुले यांनीं एकट्यानें विरोध केला. ते स्वतः सरकारनियुक्त सभासद होते हें विशेष! त्यांचें म्हणणें डावललें गेलें. परंतु तो एक विरोध नोंदला गेला, म्हणूनच आज आपणांस कळतें कीं त्या पैशाला दुसरी वाट होती. ज्या सभेंत नाहीं म्हणणारा नसतो, तिची चूक पुढल्या पिढीलाहि सांपडत नाहीं.

आतां सभागृहें उघडलीं आहेत, परंतु एवढ्यानें आमचें समाधान नाहीं. 2009 च्या दुरुस्तीनें या राज्यांत मतदारांच्या क्षेत्रसभा भरविण्याची तरतूद कायद्यांत आली. ज्या वाचकास अशा सभेचें निमंत्रण कधीं आलें असेल त्यानें आम्हांस अवश्य कळवावें. आम्ही तें ठळक अक्षरांत छापूं. सभेपुढील विषयांची यादी सोप्या मराठींत आगाऊ प्रसिद्ध व्हावी, सभासदांच्या प्रश्नांस लेखी उत्तरें मिळावींत, आणि कोणी कोणत्या बाजूस मत दिलें हें नांवनिशीवार जाहीर व्हावें. यास ना नवा कायदा लागतो, ना मोठा खर्च.

आणि वाचकहो, अंदाजपत्रकाच्या चर्चेला प्रेक्षकांच्या सज्जांत जाऊन बसा. दुकान दोन तास गुमास्त्याच्या हवालीं केलें तर बुडत नाहीं. आपल्या प्रभागाचा सभासद बोलला कीं नाहीं, तें टिपून घ्या, आणि तो पेठेंत भेटला म्हणजे त्याला तें टिपण दाखवा.