शीर्षक सरकते, तेव्हा नजर चुकत नाही

२०१३ साली आलेल्या आयओएस ७ मध्ये एक बारीकसा बदल होता. नव्या स्क्रीनचे शीर्षक उजवीकडून सरकत वरच्या पट्टीच्या मध्यभागी येई आणि जुने शीर्षक डावीकडे जाऊन मागे फिरण्याचे बटण होऊन बसे. ही सजावट नव्हे. माणसाच्या नजरेची एक उणीव त्यातून भरून निघते.

संशोधक रोनाल्ड रेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ती उणीव प्रयोगाने दाखवली. एक छायाचित्र, मग सुमारे ८० मिलिसेकंद कोरा पडदा, मग तेच छायाचित्र, पण त्यातली एखादी मोठी वस्तू गायब. हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवले तरी लोकांना फरक पटकन सापडेना. कोरा पडदा काढताच तो लगेच दिसू लागला. हलणाऱ्या गोष्टीकडे लक्ष आपोआप जाते. मध्येच खंड पडला की तो इशाराच हरवतो. शीर्षक झटक्यात बदलले तर आपण कुठून कुठे आलो, हे ताडायला मेंदूला वेगळे कष्ट पडतात. सरकणारे शीर्षक ती दिशाच दाखवते.

हे सरकणे गुळगुळीत ठेवणे सोपे नाही. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्र तयार करायला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात; १२० हर्ट्‌झच्या पडद्यावर त्याच्या निम्मे. एक चित्र चुकले तरी हिसका जाणवतो.

खरी कसोटी बोटाची. डाव्या कडेवरून बोट ओढले की मागची स्क्रीन बोटाबरोबर उघडत जाते, आणि वापरणाऱ्याने मध्येच विचार बदलला तर सगळे पूर्ववत व्हावे लागते. कित्येक ॲप इथेच चुकतात: बोट हलताच शीर्षक बदलून टाकतात, मग माघार घेतली तरी पट्टीवर भलतेच नाव राहते. शीर्षकाचा बदल घड्याळाला न बांधता बोटाच्या जागेला बांधावा आणि माघारीची वाटही लिहून ठेवावी, हाच त्यावरचा उपाय. तो न करणारे ॲप माझ्या मते अर्धवट आहे.

काहींना मात्र या हालचालींनी गरगरते. आयओएस ७ नंतर तशा तक्रारी आल्या. तुम्हालाही तसे होत असेल, तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत ‘रिड्यूस मोशन’ सुरू करा.