त्वचेच्या ॲलर्जीचा संगणकीय अंदाज आणि गाजर गवताचा धडा

गाजर गवताची भारतातील नोंद 1956 मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाली. 1970 च्या दशकात या तणामुळे होणाऱ्या त्वचादाहाचा अभ्यासही पुण्यात झाला आणि पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञांनी त्यावर दीर्घकाळ संशोधन केले. आधी माणसांना त्रास झाला, कारण नंतर उमगले. नव्या रसायनांच्या बाबतीत हा क्रम उलटविण्याचा प्रयत्न संगणकीय प्रारूपे करतात.

गाजर गवतातील पार्थेनिन हा लहान रेणू त्वचेत शिरून तेथील प्रथिनांना घट्ट चिकटतो. रोगप्रतिकारक यंत्रणा या जोडीला परकी मानून लक्षात ठेवते. म्हणून पहिल्या संपर्कात बहुधा काहीच जाणवत नाही. पुढील संपर्कात मात्र खाज, लाली व पुरळ उठते.

प्रथिनांना चिकटण्याची ही क्षमता रेणूच्या रचनेवरून ओळखता येते. पूर्वी तपासलेल्या रसायनांच्या माहितीशी नव्या रेणूची रचना ताडून प्रारूप धोक्याचा इशारा देते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या 2021 मधील मार्गदर्शक तत्त्व क्रमांक 497 नुसार असा अंदाज प्रयोगशाळेतील प्रथिन व पेशी चाचण्यांच्या निष्कर्षांशी जोडून वापरता येतो. त्यामुळे गिनीपिग व उंदरांवरील चाचण्या कमी होऊ शकतात.

तथापि, प्रारूप बहुधा एकेका रेणूचा विचार करते. फवारणीच्या टाकीत सक्रिय घटकासोबत द्रावके व इतर पूरक घटकही असतात. काही रसायने हवेत किंवा त्वचेत बदल झाल्यानंतरच ॲलर्जीकारक बनतात. संगणकाने इशारा दिला नाही, म्हणून उत्पादन निर्धोक ठरत नाही. तसेच ‘वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी’ हा समजही चुकीचा आहे. पार्थेनिन निसर्गातूनच येते.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवाव्यात :

• कीडनाशकाच्या लेबलवरील त्वचेविषयीची सूचना वाचूनच हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व चष्मा वापरावा.
• गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे. मेक्सिकन भुंग्याचे संवर्धन करावे.
• ॲलर्जी झालेल्या व्यक्तीला त्या तणाच्या निंदणीपासून दूर ठेवावे. तिला शेवंतीचाही त्रास होऊ शकतो.
• पापण्या, चेहरा व मानेवर वारंवार पुरळ येत असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच चाचणी करून घ्यावी. जाताना वापरलेल्या औषधाचे लेबल सोबत न्यावे.