समशेर आणि रसद

ज्या नगरात बसून मी हा लेख लिहीत आहे, त्या छत्रपती संभाजीनगराची मूळ वसाहत, म्हणजे खडकी, १६१० साली मलिक अंबराने वसविली. आणि या कर्तबगार पुरुषाने मुघलांच्या अफाट फौजांना वर्षानुवर्षे जेरीस आणले ते समोरासमोरच्या झुंजीत क्वचित, परंतु शत्रूची रसद तोडून, त्याच्या बैलांच्या तांड्यांवर अवचित झडप घालून आणि त्याच्या छावणीत दाणावैरण पोहोचू न देऊन पुष्कळदा. १६२४ साली भातवडी येथे त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूचा तळ चिखलात रुतविला, तेव्हा भूक आणि चिखल यांनीच निम्मी लढाई उरकली होती. पुढे औरंगजेब दक्षिणेत उतरला, तेव्हा मराठ्यांच्या तुकड्यांनीही याच वर्मावर घाव घातला. लक्षावधी माणसाजनावरांच्या त्या फिरत्या शहराला धान्य पुरविणारे वंजाऱ्यांचे तांडे अडवले, की बादशाही तोफखान्याचा दरारा जागच्या जागी विरून जाई.

हे जुने प्रकरण उकरून काढण्याचे प्रयोजन असे की, २०१९ साली २५ मार्चला चंडीगड येथे शिनूक आणि ३ सप्टेंबरला पठाणकोट येथे अपाचे, अशी दोन अमेरिकी हेलिकॉप्टरे सहा महिन्यांच्या आत आपल्या वायुसेनेत दाखल झाली, तेव्हापासून मुलांच्या वह्यांवर आणि खोल्यांच्या भिंतींवर अपाचेची चित्रे मी पुष्कळ पाहिली, शिनूकचे मात्र एकही नाही. अपाचेचा आकार शस्त्राचा आहे आणि शस्त्राचे आकर्षण माणसाच्या रक्तात आहे; शिनूकचा आकार मालमोटारीचा. परंतु या दोन जातींपैकी वडीलकी कोणाची, कोण कोणासाठी जन्माला आले आणि लष्कराचे खरोखर कोणावाचून अडते, हे एकदा नीट समजून घेतले म्हणजे त्या चित्रांकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी पालटेल, असे मला वाटते.

प्रथम अपाचेकडे पाहू. समोरून पाहणाऱ्याला त्याच्या देहाचा अरुंदपणा चकित करतो. आत माणसे दोनच, आणि तीही शेजारी शेजारी नव्हेत, तर एकामागे एक: पुढे आणि खाली शस्त्रे चालविणारा, मागे आणि काहीसा उंचावर वैमानिक. शत्रूच्या गोळीला सामोरे जाणारे अंग जितके निमुळते तितके बरे, आणि दोघांनाही दोहों बाजूंची जमीन विनाअडथळा दिसावी, हा त्या रचनेतला हेतू. नाकाखाली ३० मिलिमीटरची तोफ असते. ती शिरस्त्राणाशी अशी जोडलेली असते की माणूस मान वळवील तिकडे तिचे तोंड वळते, आणि सुमारे १,२०० गोळ्यांचा साठा तिच्या दिमतीला असतो. दोन्ही कुशींच्या आखूड पंखांखाली हेलफायर जातीची रणगाडाभेदी क्षेपणास्त्रे १६ पर्यंत टांगता येतात, किंवा त्यांतील काहींच्या जागी ७० मिलिमीटरच्या रॉकेटांचे नळे. कित्येक अपाचेंच्या गरगरणाऱ्या पात्यांच्याही माथ्यावर एक गोल डबा दिसतो; ते रडार होय. टेकडीच्या आड सगळा देह दडवून तेवढा डबा वर काढावा, पलीकडे कोण काय करीत आहे ते हेरावे, क्षणभर उसळून मारा करावा आणि पुन्हा आडोशाला जावे, ही त्याची लढण्याची रीत सह्याद्रीतल्या माणसाला कोणी नव्याने शिकवायला नको. या सर्व सरंजामासह त्याचे कमाल वजन सुमारे १०.४ टन भरते. आणि एवढ्या वजनाच्या यंत्रात तिसऱ्या माणसाला टेकण्यापुरतीही जागा नाही.

या उणिवेचा हृदयद्रावक प्रत्यय जानेवारी २००७ मध्ये अफगाणिस्तानच्या हेलमंद प्रांतात आला. जुगरूम किल्ल्यावरच्या चढाईतून ब्रिटिश मरीन सैनिक माघारी आले, तेव्हा आपला एक सोबती तिकडेच राहून गेल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्याला आणायचे तर त्वरा हवी होती आणि हाताशी होती ती लढाऊ हेलिकॉप्टरे. तेव्हा चार जणांनी दोन अपाचेंच्या आखूड पंखांवर स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेतले, आणि उघड्या वाऱ्यात, गोळीबाराच्या तोंडी, ते पुन्हा त्या किल्ल्याच्या तटापाशी जाऊन उतरले. सोबती गतप्राण झाला होता. त्याचा देह घेऊन ते परतले. जगातील अत्यंत प्रगत मारक यंत्राला एक माणूस उचलून आणण्यासाठी असे पट्टे आणि असली छाती लागली, ही हकिगत मी जितक्यांदा वाचली तितक्यांदा माझे मन भरून आले.

शिनूकची गोष्ट नेमकी उलटी. त्याचा देह म्हणजे एक लांबट खोली. खोली आधी कल्पिली आणि तिला उडविण्याची सोय मागाहून लावली असे वाटावे, इतकी ती प्रधान. सामान्य हेलिकॉप्टरच्या माथ्यावरील पाती एका दिशेने फिरू लागली की खालचा देह विरुद्ध दिशेने गिरकी घेऊ पाहतो. त्याला आवर घालण्यासाठी शेपटीला छोटा उभा पंखा लागतो, आणि इंजिनाच्या बळाचा काही हिस्सा या बंदोबस्तातच खर्ची पडतो. शिनूकला पुढे एक आणि मागे एक अशी दोन मोठी चक्रे असून ती परस्परांच्या उलट फिरतात, त्यामुळे एकाची ओढ दुसरे परस्पर फेडते, आणि सारे बळ ओझे उचलण्यास मोकळे राहते. सुमारे १० टनांचा भार ते उचलते. पाठीमागचे दार खाली सोडले की उतरंड तयार होते आणि जीपगाडी सरळ आत चढते. जे आत मावत नाही ते पोटाखालच्या आकड्यांना टांगायचे. आपल्या लष्कराने घेतलेली ४.२ टनांची एम-७७७ तोफ अशीच लोंबकळत डोंगरमाथ्यावर नेता येते. देवगिरीच्या किल्ल्यावर मेंढा तोफ चढवून बसविणाऱ्यांनी किती बैल, किती दोरखंड आणि किती दिवस खर्ची घातले असतील, याचा विचार ती तोफ पाहताना माझ्या मनात नेहमी येतो. आज तोफ, तिचे गोलंदाज आणि दारूगोळा ही सारी एकाच खेपेत वर पोहोचतात. आणि बोजड दिसणारे हे यंत्र वेगात अपाचेच्या मागे नाही, किंबहुना थोडे पुढेच आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

येथे हवेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण हेलिकॉप्टरचा खरा धनी हवा आहे. पाती हवा खाली ढकलतात म्हणून यंत्र वर उचलले जाते; हवा विरळ झाली की तेच पाते पुरेशी हवा ढकलू शकत नाही. उंचीने हवा विरळ होते, तशीच उष्णतेनेही होते. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. वैशाखाच्या दुपारी पारा ४० अंशांपलीकडे गेला म्हणजे चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून जे ओझे उचलता येईल ते पौषातल्या पहाटेपेक्षा कमीच असणार. मग लडाखच्या चार-पाच हजार मीटर उंचीवर काय होत असेल, याची कल्पना करावी. तेथे प्रत्येक किलोचा हिशेब होतो, आणि वैमानिक इंधनाच्या बदल्यात भाकरी की भाकरीच्या बदल्यात गोळी असा विचार करीत उड्डाण करतो.

आता वडीलकीचा प्रश्न. शिनूक प्रथम उडाले ते २१ सप्टेंबर १९६१ रोजी, अपाचे ३० सप्टेंबर १९७५ रोजी. परंतु ही केवळ तारखांची वडीलकी नव्हे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने ह्युई नावाच्या हेलिकॉप्टरांतून पायदळ थेट रणभूमीवर उतरविण्यास आरंभ केला, आणि उतरण्याच्या त्या एका क्षणी, जेव्हा यंत्र स्थिर असते आणि पोटात माणसे असतात, तेव्हा दबा धरून बसलेल्या शत्रूने त्यांचे हाल केले. पाठराखण करण्यास कोणी तरी हवे, या निकडीतून कोब्रा हे पहिले खरे लढाऊ हेलिकॉप्टर निघाले. आणि ते कशातून निघाले, तर ह्युईचेच इंजिन, तेच दंतचक्र, तीच पाती घेऊन, मधली खोली तेवढी काढून टाकून, देह जेमतेम एक मीटर रुंदीचा करून. म्हणजे तलवार जन्मली ती तांड्याच्या रक्षणासाठी, आणि तांड्याच्याच हाडांपासून.

आपल्याकडेही क्रम हाच राहिला. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे ध्रुव हे बहुउपयोगी हेलिकॉप्टर १९९२ साली प्रथम उडाले. २९ मार्च २०१० रोजी उडालेल्या लढाऊ प्रचंडला शक्ती इंजिने आणि पाती फिरविणारी यंत्रणा मिळाली ती ध्रुवाकडूनच. प्रचंडची निकड मात्र अत्यंत महागात पडलेल्या एका धड्यातून निर्माण झाली. २८ मे १९९९ रोजी कारगिलच्या तोलोलिंग शिखरावर मारा करण्यासाठी आपण एमआय-१७ ही मुळातील मालवाहू हेलिकॉप्टरे रॉकेटे बांधून धाडली; रुंद देहाचे, त्या उंचीवर धापा टाकणारे त्यांतील एक यंत्र शत्रूने खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले आणि आतील चौघे वीर धारातीर्थी पडले. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरे त्या कामावरून हटविण्यात आली. वाहकाला समशेर बांधल्याने तो योद्धा होत नाही, हे त्या दिवशी चार घरांनी आपली माणसे देऊन देशाला सांगितले. प्रचंडचे वजन ५.८ टनच ठेवले आणि सियाचीनच्या उंचीवर उतरून त्याची परीक्षा घेतली, त्यामागे ही आठवण आहे.

दोहोंचा मिलाफ करण्याचा यत्न रशियनांनी एमआय-२४ मध्ये केला होता: तोफ, रॉकेटे, चिलखत, आणि शिवाय आठ सैनिक बसतील अशी खोली. त्याचीच भावंडे एमआय-२५ आणि एमआय-३५ आपल्याकडेही आली. श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या मोहिमेत एमआय-२५ लढलेही. तथापि दोन कामांचा भार एका देहावर टाकल्याने ते जड झाले, आणि त्याचे अनुकरण जगात फारसे कोणी केले नाही.

याच्या उलट, बिनशस्त्र वाहकाने युद्धाचा निकाल कसा फिरवावा याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९७१ मध्ये मेघना नदीवरील आशुगंजचा पूल शत्रूने उडवून दिला आणि ढाक्याची वाट बंद झाली असे त्याने मानले. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांना पाचारण केले, आणि ९ डिसेंबरपासून ती लहानखुरी यंत्रे फेऱ्यांमागून फेऱ्या करीत पायदळ पलीकडच्या तीरावर उतरवीत राहिली. नदी शत्रूची तटबंदी राहिली नाही. आठवड्याभरात ढाका पडले.

महाराष्ट्राशी या विद्येचा संबंध निकटचा आहे. संभाजीनगरापासून हवाई मार्गाने सुमारे १६० किलोमीटरांवर, नाशिकरोडजवळ गांधीनगर येथे, २००३ पासून लष्कराची कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल ही संस्था आहे. लष्कराचे हवाई दल १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वतंत्र झाले, तत्पूर्वी ते तोफखान्याचे डोळे म्हणून त्याच्याच पदरी होते. तेव्हा तोफखान्याच्या देवळालीशेजारी त्याची शाळा असावी, हे मला फार समर्पक वाटते. याच शाळेतून २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक या लष्कराच्या हवाई दलातील पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. २२ जुलै २०२५ रोजी लष्कराची स्वतःची पहिली तीन अपाचे हिंडन तळावर येऊन पोहोचली.

परंतु महाराष्ट्राच्या सामान्य माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले, ते वाहकच. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी कुलाब्यातील नरिमन हाऊसच्या गच्चीवर वायुसेनेचे एमआय-१७ अधांतरी स्थिर झाले आणि त्यातून दोरावरून एकामागून एक कमांडो उतरले, ते दृश्य आपण सर्वांनी श्वास रोखून पाहिले. त्या यंत्राने स्वतः एकही गोळी झाडली नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर आभाळ फाटले, सीना नदीने परंडा तालुक्यातल्या वस्त्यांना वेढा घातला, तेव्हा छपरावर बसलेल्या शेतकरी कुटुंबांना जे उचलून घेऊन गेले तेही वाहकच. ज्या मुलखात एके काळी हेलिकॉप्टर कोणी पाहिलेही नव्हते, ज्या संभाजीनगरात सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज शिरली ती रस्त्याने, गाड्यांतून, त्या मुलखातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आज आकाशातून खाली येणारा दोर ओळखीचा झाला आहे.

म्हणूनच एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडांची मागणी नोंदविण्यात आली, ९० लष्करासाठी आणि ६६ वायुसेनेसाठी, सुमारे ६२,७०० कोटी रुपयांची. ती योग्यच झाली आणि तिचा मला आनंद आहे. परंतु एमआय-१७ च्या जागी यावयाचे सुमारे १३ टनांचे स्वदेशी वाहक हेलिकॉप्टर, ज्याचा आराखडा हिंदुस्थान एअरोनॉटिक्स कित्येक वर्षे सिद्ध करीत आहे, त्याचे पहिले उड्डाण अद्याप व्हावयाचे आहे.