लाकडावरची झळाळी आणि फवारणीचा ताळेबंद

दसरा आटोपला की कोल्हापूरच्या पेठांमधून दिवाळीची लगबग सुरू होते. पेढीवर वहीपूजनाची तयारी होते आणि त्याच सुमारास घरातील व दुकानातील लाकूडकामाकडे लक्ष जाते. गादीसमोरचे उतरते मेज, गल्ल्याची पेटी, देवघर, वडिलोपार्जित सागवानी खुर्च्या या सर्वांवरची चकाकी वर्षभरात मावळलेली असते. सणाच्या तोंडावर चांगला पॉलिशवाला मिळणे दुरापास्त होते आणि मग एखादा कर्ता तरुण सुचवतो, "स्प्रे गन दोन-तीन हजारांत मिळते. आपणच आणू या." विचार वावगा नाही. परंतु ज्या कुटुंबात मालाची खरेदी नफा-तोटा पाहून होते, तिथे या साधनाची खरेदी मात्र बहुधा डब्यावरील चित्र पाहून होते. स्प्रे गन स्वस्त असते हे खरे. तिला लागणारी हवा, वाया जाणारे पॉलिश आणि श्वासाचे संरक्षण यांचा खर्च मात्र किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

औषधाच्या फवाऱ्यापासून रंगाच्या फवाऱ्यापर्यंत

द्रवाचे सूक्ष्म कण करून ते पृष्ठभागावर बसवण्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनातील प्रचंड पांढऱ्या इमारती हाताने वेळेत रंगवून होणे अशक्य दिसू लागले, तेव्हा दाबलेल्या हवेने रंग फवारण्याचा मार्ग अवलंबला गेला. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले, हे वाचकांना स्मरत असेलच. अमेरिकेतीलच टोलेडो शहरात डॉ. अॅलन डीव्हिल्बिस यांनी घशात औषध मारण्यासाठी एक फवारा बनवला होता. पुढे त्यांचे पुत्र थॉमस यांनी त्याच तत्त्वावर रंगाची गन विकसित केली. आज हार्डवेअरच्या दुकानात टांगलेल्या साध्या गनमध्येही तत्त्व तेच आहे: बारीक छिद्रातून द्रव येतो आणि हवेचा झोत त्याचे तुषार करतो.

बाजारातील चार प्रकार

पहिला प्रकार तयार फवाऱ्याच्या डब्याचा. एखादी चौकट किंवा लहान स्टूल यासाठी तो सोयीचा आहे. मोठ्या कामाला मात्र तो सर्वांत महाग पडतो, कारण मूठभर पॉलिशसाठी डबा, वायू आणि झाकण यांचेही मोल द्यावे लागते.

दुसरा प्रकार विजेवर चालणाऱ्या हातातल्या गनचा. तिच्यातील छोटा पंखा भरपूर हवा कमी दाबाने सोडतो. वेगळा कंप्रेसर लागत नाही, हे तिचे मोठे वैशिष्ट्य. तुषार थोडे जाड पडतात आणि अतिशय तलम काम तिच्याकडून होत नाही. तथापि दारे, कपाटाच्या फळ्या, बाके यांना ती पुरेशी आहे.

तिसरा प्रकार कंप्रेसरवरच्या गनचा. वर कप असलेल्या गनमध्ये द्रव स्वतःच्या वजनाने उतरतो, त्यामुळे कमी मालातही काम होते. खाली कप असलेली गन द्रव वर ओढून घेते. तिचा कप मोठा असतो, पण तळाशी थोडा माल शिल्लक राहतो. घरगुती कामाला वरचा कप अधिक काटकसरीचा होय.

चौथा प्रकार एअरलेस यंत्राचा. ते भिंतींसाठी आहे. त्यातून निघणाऱ्या द्रवाचा दाब एवढा प्रचंड असतो की बोट आडवे आले तर रंग कातडीतून आत घुसतो. फर्निचरसाठी घरात ते आणू नये.

आधी पॉलिश ठरवा, मग गन

सर्वसाधारण खरेदीदार आधी गन घेतो आणि नंतर तिच्यातून काय मारावे हे विचारतो. हा क्रम उलटा असावयास हवा. कोणते पॉलिश, ते कोणत्या जागी मारायचे, त्यासाठी किती हवा लागेल आणि शेवटी कोणती गन, असा योग्य क्रम आहे.

एनसी लॅकर झटपट सुकते, परंतु त्याचे थिनर अत्यंत ज्वालाग्राही असते. मेलामाइनला कडक तकाकी येते, पण सुकताना त्यातून फॉर्मल्डिहाइडची डोळे झोंबवणारी वाफ निघते. हार्डनर मिसळून वापरायचे दोन डब्यांचे पीयू सर्वांत टिकाऊ असते. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याचे तुषार श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो. एकदा अशी संवेदनशीलता निर्माण झाली की पुढे अगदी अल्प प्रमाणही त्रासदायक ठरते. म्हणून हार्डनरचे पीयू घरी फवारू नये. ते काम योग्य व्यवस्था असलेल्या व्यावसायिकाकडेच द्यावे.

राहिला पर्याय पाण्यावर आधारित, एकाच डब्यात येणाऱ्या अॅक्रिलिक किंवा पीयू पॉलिशचा. ते किंचित महाग असते, पण त्याला वास कमी असतो, आगीचा धोका नगण्य असतो आणि गन पाण्याने धुता येते. थिनरचा खर्च वाचतो तो निराळाच. हातातली विजेची गन वापरणाऱ्या कुटुंबासाठी हाच मार्ग सुरक्षित आहे. अशा गनची मोटर हवेच्या झोतातच फिरत असते, त्यामुळे झटकन पेट घेणारे द्रव तिच्यात भरू नयेत, असा इशारा अनेक माहितीपुस्तिकांत छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय कप भरू नये.

लाखेचा प्रश्न

जुन्या सागवानी सामानावर बहुधा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पॉलिश असते. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव. फांद्या खरवडून ती काढताना असंख्य कीटक नष्ट होतात. श्रावकाने टाळावयाच्या १५ कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना झाली आहे, त्यामागचे कारण येथे प्रत्यक्ष दिसते. नवे काम करताना हा दोष टाळणे आज कठीण नाही. सीलर घेताना त्यात लाख आहे का, हे दुकानदाराला आवर्जून विचारावे. चकाकीसाठी मेणाचे पॉलिश हवे असेल तर मधमाशीच्या मेणाऐवजी कार्नौबा या ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे मेण घ्यावे.

जुने पॉलिश कोणते आहे हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. आतल्या, न दिसणाऱ्या भागावर स्पिरिटचा बोळा क्षणभर दाबावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे समजावे. त्यावर थेट पाण्याचे पॉलिश मारल्यास धरेलच असे नाही. आधी नीट घासून घेणे आवश्यक असते.

हवेचा हिशेब: ठोक आणि निव्वळ

कंप्रेसर घेताना टाकी किती लिटरची, एवढेच विचारले जाते. टाकी ही केवळ साठवण होय. खरी कमाई मिनिटाला किती घनफूट हवा मिळते, ही आहे. त्यातही पत्रकावर दोन आकडे असतात. पिस्टन डिस्प्लेसमेंट हा ठोक आकडा, तर एफएडी म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडणारी निव्वळ हवा. व्यापारी जसा ठोक विक्रीवरून नफा ठरवत नाही, तसाच कंप्रेसरही पहिल्या आकड्यावरून निवडू नये.

जास्त हवा आणि कमी दाब या तत्त्वावरील एचव्हीएलपी गनला मिनिटाला साधारण ८ ते १२ घनफूट हवा लागते. १ अश्वशक्तीचा छोटा कंप्रेसर ३ ते ४ घनफुटांच्या आसपास घुटमळतो. परिणामी फळी अर्धी होते न होते तोच दाब उतरतो, तुषार जाड होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत दिसू लागतो. दोष मात्र गनवर किंवा हातावर टाकला जातो. छोटा कंप्रेसर घरात असेलच तर त्याला कमी हवा लागणारी एलव्हीएलपी गन जोडावी. पारदर्शक पॉलिशसाठी १.३ ते १.४ मिलिमीटरचे आणि दाट सीलरसाठी १.५ ते १.८ मिलिमीटरचे नोझल योग्य ठरते.

तुटीचा आणि भांडवलाचा हिशेब

जुन्या पद्धतीच्या, जास्त दाबाच्या गनमधून निघालेल्या मालापैकी ३० टक्क्यांच्या आसपासच लाकडावर बसतो, असे धरले जाते. उरलेला हवेत, जमिनीवर आणि फवारणाऱ्याच्या अंगावर जातो. एचव्हीएलपी गनकडून ६५ टक्क्यांची अपेक्षा असते. म्हणजे लाकडावर १ लिटर पॉलिश बसवायचे तर पहिल्या गनला सव्वातीन लिटरहून अधिक माल लागेल आणि दुसरीला दीड लिटरच्या आसपास. ब्रशमध्ये ही तूट जवळपास नसतेच.

आता भांडवल पाहू. पुढील रकमा केवळ उदाहरणादाखल आहेत. विजेची गन ३,००० रुपये आणि चांगला मास्क १,५०० रुपये, एकूण ४,५०० रुपये. दुसरीकडे कंप्रेसर १०,००० रुपये, गन १,५०० रुपये, नळी व पाणी अडवणारा फिल्टर १,५०० रुपये आणि मास्क १,५०० रुपये, एकूण १४,५०० रुपये. कुटुंबाचे काम ९ वर्षांत तीनदा, प्रत्येक वेळी २ दिवस, म्हणजे एकूण ६ दिवस निघाले, तर पहिल्या साधनाचा रोजचा बोजा ७५० रुपये आणि दुसऱ्याचा सुमारे २,४०० रुपये पडतो. वर्षातून ६ दिवस कंप्रेसर चालणार असेल, टायरची हवा किंवा गोदामातील यंत्रांची सफाई त्यावर होणार असेल, तर गणित पालटते. आणि काम फक्त एका मेजाचे व देवघराचे असेल, तर चांगला ब्रश आणि मऊ कापडाचा बोळा याहून किफायतशीर साधन नाही. फवारणीचा खरा लाभ जाळीच्या दारांना, कोरीव कामाला आणि वेताच्या खुर्च्यांना होतो, कारण तिथे ब्रश पोहोचत नाही.

कोल्हापूरची हवा

या शहरात पावसाळा दीर्घ आणि दमट असतो. अशा हवेत एनसी लॅकर मारले की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि पॉलिश पांढरट पडते. पाण्याच्या पॉलिशला सुकण्यास वेळ लागतो. कंप्रेसरच्या टाकीतही पाणी साठते. ते रोज न सोडल्यास थेंब फवाऱ्यातून लाकडावर येतात. म्हणून चातुर्मासात हे काम काढूच नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत ज्यांचे लाकडी सामान भिजले, त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. वरून कोरडे दिसणारे लाकूड आतून दीर्घकाळ ओलसर राहते आणि त्यावर घाईने मारलेले पॉलिश पुढे सुटते.

दसरा ते दिवाळी हा अवधी जेमतेम ३ आठवड्यांचा असतो आणि त्यात परतीचा पाऊसही येऊ शकतो. सणाआधीच काम हवे असेल तर ते उन्हाळ्यात उरकणे शहाणपणाचे. वेळही सकाळची निवडावी. संध्याकाळनंतर दिव्याच्या प्रकाशाकडे येणारे कीटक ओल्या पॉलिशवर चिकटून मरतात. काम बिघडते आणि जीवहिंसाही होते. सूर्यास्तापूर्वी पृष्ठभाग सुकलेला असावा, हा नियम येथे दोन्ही अर्थांनी हितकारक आहे.

श्वास आणि अग्नी

नाकाला रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क बांधून फवारणी करणे म्हणजे संरक्षणाचा केवळ भास. वाफ कापडातून सरळ आत जाते. कोळशाच्या कारट्रिजचा, पुढे धूळगाळणी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. पाण्याच्या पॉलिशचे तुषारही फुफ्फुसाला घातकच असतात, तेव्हा तिथेही सवलत नाही. गनच्या किमतीत काटकसर करावी, मास्कच्या किमतीत करू नये.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत शेजारच्या खोलीत पोहोचते. तिथे देवघरातील निरांजन, स्वयंपाकघरातील शेगडी किंवा गीझरची ठिणगी पुरेशी असते. थिनरचे काम गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणातच करावे आणि ते पूर्ण सुकेपर्यंत आसपास ज्योत नसावी. जवसाचे तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात. धुतलेले थिनर गटारात न ओतता झाकणाच्या डब्यात साठवावे, गाळ बसल्यावर वरचे पुन्हा धुण्यासाठी वापरावे.

हातात गन घेतल्यावर

पॉलिश नायलॉनच्या बारीक जाळीतून गाळून घ्यावे, कारण न गाळलेल्या मालाने गन बंद पडू शकते. प्रथम पुठ्ठ्यावर मारून पाहावे. गन लाकडापासून ६ ते ८ इंचांवर, समांतर आणि एकसारख्या वेगाने न्यावी. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढावा. एक जाड थर ओघळतो, तीन पातळ थर टिकतात. दोन थरांमध्ये ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासावे आणि धूळ ओलसर कापडाने टिपावी. काम संपताच गन उघडून सुई व नोझल धुवावे. उद्यावर टाकलेली सफाई म्हणजे पुढील वर्षीची नवी खरेदी. दुकानदाराकडे सुटे नोझल, सुई आणि वायसर मिळतात का, हे खरेदीच्या दिवशीच विचारावे. शिवाजी उद्यमनगरसारखी कारागिरांची वसाहत असलेल्या शहरात कंप्रेसर दुरुस्तीला अडत नाही, पण अनोळखी बनावटीच्या विजेच्या गनचा सुटा भाग मिळणे अवघड असते.

सारांश असा की दोन-चार वस्तूंसाठी ब्रश, जाळीदार व कोरीव कामासाठी विजेची गन आणि पाण्याचे पॉलिश, नियमित उपयोग असेल तरच कंप्रेसर, आणि हार्डनरच्या पीयूसाठी व्यावसायिक कारागीर. मेजावरची चकाकी दोन-चार वर्षांनी पुन्हा आणता येते. ती आणताना गमावलेला निरोगी श्वास मात्र कोणत्याही ताळेबंदात परत जमा होत नाही.