तयार प्रोग्राम आणि सामाईक लायब्ऱ्या

निगडीच्या आसपास भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांत ज्यांचे वडील काम करितात, त्या आमच्या विद्यार्थ्यांनीं आठ मिलिमीटरचा व पांच-सोळांश इंचाचा असे दोन बोल्ट पाहिले असतीलच. जाडींतील फरक एक दशांश मिलिमीटरहूनहि कमी. परंतु आटे निराळे. एकाचा नट दुसऱ्यावर थोडा चढतो व अडकतो, आणि जोर केल्यास आटेच जातात. लिनक्स संगणकावर बाहेरून आणलेला तयार प्रोग्राम चालवितांना असाच प्रसंग येतो. गेल्या वर्षीं तो आमच्या संगणककक्षांत आला.

कोणताहि प्रोग्राम सारीं कामें स्वतः करीत नाहीं. फाइल उघडणें, पडद्यावर अक्षरें उमटविणें, वर्गमूळ काढणें, हीं नित्याचीं कामें तो सामाईक लायब्ऱ्यांवर सोंपवितो. लायब्ररीची एकच प्रत अनेक प्रोग्राम वापरतात. तींत दोष सांपडल्यास एके ठिकाणीं दुरुस्ती केली कीं सर्वांचें काम भागतें. सोय मोठी खरी, पण परावलंबनहि तितकेंच. प्रोग्राम सुरू होतांच 'लोडर' नांवाचा कारभारी त्याची मागणी वाचतो आणि ठरलेल्या फोल्डरांत ती ती लायब्ररी शोधतो. न मिळाल्यास प्रोग्राम उभाच राहत नाहीं.

लायब्ररीच्या नांवापुढील आंकडा म्हणजे तिचे आटे होत. ओपनएसएसएल ह्या लायब्ररीचेंच पाहा. कित्येक जुने प्रोग्राम तिचा १.१ हा आंकडा मागतात. २०२२ सालच्या उबुंटू २२.०४ च्या भांडारांत मात्र ३ हा आंकडा आहे. कांहीं लोक नव्या फाइलीस जुनें नांव देऊन लोडरास फसवितात. तो हातोड्यानें नट बसविण्याचा प्रकार होय.

सर्वांच्या तळाशीं असते ती जीलिबसी. तिच्या फाइलीचें नांव वर्षानुवर्षें तेंच आहे. आंतील कामांवर मात्र आवृत्तीच्या खुणा असतात. नव्या यंत्रणेवर बांधलेला प्रोग्राम बहुधा २.३४ ची खूण मागतो. ही आवृत्ति ऑगस्ट २०२१ मध्यें निघाली. डेबियन ११ मध्यें २.३१ आहे, सबब तेथें तो अडतो. उलट, जुन्या यंत्रणेवर बांधलेला प्रोग्राम नव्या यंत्रणेवर सहसा सुखानें चालतो. म्हणून जाणते कारागीर मुद्दाम जुन्या यंत्रणेवर बांधणी करितात.

आमच्या एका उत्साही विद्यार्थ्यानें भूमितीचा एक प्रोग्राम आणला. २.३४ ची मागणी वाचून त्यानें दुसऱ्या संगणकावरील जीलिबसी उचलली आणि जुन्या फाइलीच्या जागीं ठेविली. (मुख्य संकेतशब्द आम्हींच त्यास दिला होता, हें कबूल केलें पाहिजे.) तत्क्षणीं फाइलींची यादी दाखविणारी साधी आज्ञाहि चालेना, तीहि त्याच लायब्ररीवर उभी! दहावीच्या मुलांचे प्रकल्प त्याच संगणकांत होते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून मूळ फाइल परत बसवीपर्यंत दिवेलागण झाली. प्रकल्प सुखरूप निघाले.

प्रथम मागणी नीट वाचावी. 'एलडीडी' ही आज्ञा कोणती लायब्ररी मिळत नाहीं तें सांगते. पण अनोळखी प्रोग्रामवर ती चालवूं नये, कारण त्या भरांत तो प्रोग्रामच चालूं शकतो. तेथें 'रीडएल्फ' बरी. उणी लायब्ररी आधीं आपल्या यंत्रणेच्या भांडारांत पाहावी. तेथें नसल्यास विश्वासू ठिकाणाहून आणून त्या प्रोग्रामच्याच फोल्डरांत ठेवावी, आणि तेवढ्या प्रोग्रामपुरता लोडरास तिचा पत्ता द्यावा. यंत्रणेच्या फोल्डरास हात लावूं नये.

जीलिबसीस मात्र हा उपाय सहसा लागू पडत नाहीं, कारण ती व लोडर यांची जोडी एकाच बांधणीची असावी लागते. फ्लॅटपॅकसारख्या पद्धतींत प्रोग्रामच्या लायब्ऱ्या जीलिबसीसुद्धां निराळ्या येतात. त्या जागा पुष्कळ खातात, आणि यंत्रणेंत झालेली दुरुस्ती त्यांच्यापर्यंत आपोआप पोंचत नाहीं. त्यांची दुरुस्ती वेगळी आणावी लागते.

आमच्या विद्यार्थ्यानें अखेरीस त्याच प्रोग्रामची जुन्या यंत्रणेवर बांधलेली प्रत शोधून काढिली. ती पहिल्याच खेपेस चालली. संकेतशब्द आतां आमच्या कपाटांत आहे.